घरची जुनी डिझेल पिकअप: दुरुस्त करत राहायचं की सोडून द्यायची? मोबाईल काढा, हिशोब करू

गॅरेजवाला म्हणतो, "इंजिनचं काम काढावं लागेल, सत्तर-ऐंशी हजार धरा." बाबा म्हणतात, "मागच्याच वर्षी गिअरबॉक्सला चाळीस हजार घातलेत, आता कशी विकायची?" आणि शोरूमवाला म्हणतो, "दोन लाख भरा, उद्या नवी गाडी दारात." घरात बारा-तेरा वर्षांची बोलेरो पिकअप किंवा टाटा एस असेल, तर हे संवाद तुमच्याकडेही झाले असतील. आणि शेवटी फोन तुमच्या हातात असतो म्हणून विचारतात तुम्हालाच, "अरे, जरा नेटवर बघ ना काय करायचं ते."

तर बघूया. आधी एक गोष्ट बाजूला काढतो: ते गिअरबॉक्सचे चाळीस हजार. ते गेले. गाडी ठेवली तरी गेले, विकली तरी गेले. प्रश्न फक्त पुढच्या दोन वर्षांत कोणता रस्ता किती पैसे खाणार, एवढाच आहे. "गाडीची किंमतच दीड लाख, मग तिच्यावर ऐंशी हजार कशाला" हा हिशोबसुद्धा अर्धवटच, कारण गाडी तुम्हाला शोपीस म्हणून नको आहे, महिन्याला माल पोहोचवायला हवी आहे.

इंजिन खरंच गेलंय का?

डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. पिस्टन सिलेंडरमधली हवा साधारण सोळा ते वीस पट दाबतो, त्या दाबाने हवा ५०० अंश सेल्सिअसच्या वर तापते आणि त्यात फवारलेलं डिझेल आपोआप पेट घेतं. म्हणजे सगळा खेळ दाबाचा. पिस्टनच्या रिंगा आणि लायनर झिजले की दाब निसटतो, मग सकाळी गाडी लवकर स्टार्ट होत नाही, चढावर दम टाकते, डिझेल जास्त पिते आणि ऑइलही.

पण हीच लक्षणं स्वस्तातल्या बिघाडांचीही असतात. म्हणून काम काढण्याआधी दोन-तीन गोष्टी स्वतः बघा. सकाळी गाडी पूर्ण थंड असताना स्टार्ट करा आणि सायलेन्सरचा व्हिडिओ काढा. गॅरेजमध्ये नेईपर्यंत इंजिन गरम होतं आणि मेकॅनिकला खरं चित्र दिसतच नाही, त्यामुळे हा व्हिडिओ फार कामाचा.

काळा धूर म्हणजे डिझेल नीट जळत नाही. एअर फिल्टर चोंदलेला, टर्बोचा होज फाटलेला किंवा इंजेक्टर खराब. यातली पहिली दोन कामं तर किरकोळच. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय: रिंगा, व्हॉल्व्ह सील किंवा टर्बो. पांढरा धूर थंडीत सुरुवातीला थोडा येऊन गेला तर घाबरू नका, पण इंजिन तापल्यावरही येत राहिला आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल तर हेड गॅस्केटचा संशय घ्या.

दुसरी तपासणी जुन्या मेकॅनिकांची. इंजिन चालू असताना ऑइल टाकायचं झाकण फिरवून सैल करा आणि तसंच वर ठेवा (तोंड लांब ठेवा, गरम ऑइलचे शिंतोडे उडतात). झाकण थडथड उडायला लागलं आणि आतून धुराचे भपकारे आले, तर दाब रिंगांमधून खाली उतरतोय. तरीही ऐंशी हजारांना हो म्हणण्याआधी कॉम्प्रेशन टेस्ट मागा. प्रत्येक सिलेंडरचा आकडा कागदावर घ्या, त्याचा फोटो काढून ठेवा. गाडी कॉमनरेल असेल तर इंजेक्टरची रिटर्न टेस्टही. "आवाजावरून कळतं मला" म्हणणारे काही मेकॅनिक खरंच हुशार असतात, पण पैसे आपले आहेत.

ब्लूटूथवर चालणारं स्वस्त ओबीडी स्कॅनर मिळतं, ते फोनला जोडून एरर कोड वाचता येतात. बीएस-४ आणि पुढच्या गाड्यांत ते कामाला येतं. मेकॅनिकल पंपाच्या जुन्या गाडीत त्याला वाचायला काही नसतंच. आणि झिजलेल्या रिंगा तर कुठलंच ॲप सांगत नाही.

इंजिनपेक्षा मी जास्त घाबरतो ते चासीच्या गंजाला. इंजिन नवं होतं, क्लच नवा होतो, पण चासीच्या लांब पट्ट्या पाट्यांच्या हॅंगरजवळ गंजून पापुद्रे सुटत असतील, तर तिथे वेल्डिंगवर वेल्डिंग करून भरलेली गाडी घाटात उतरवणं धोक्याचं आहे. अशा गाडीत इंजिनचे पैसे घालू नका. कोकणातल्या आणि मासळी वाहणाऱ्या गाड्यांना हे आधी बघावं लागतं.

आता आकडे

टाकी फुल करा, किलोमीटर लिहा, पुढच्या वेळी पुन्हा फुल करा. किती किलोमीटर चाललात, त्याला भरलेल्या लिटरने भागा. असं तीन-चार वेळा शीटमध्ये लिहिलंत की खरं ॲव्हरेज कळतं. पूर्वी १४ देणारी गाडी आता ११ देते असं धरू. महिन्याला २५०० किलोमीटर आणि डिझेल ९० रुपये धरलं, तर आधी १७९ लिटर लागत होतं, आता २२७. म्हणजे महिन्याला सुमारे ४,४०० रुपये नुसते धुरात.

आता तीन रस्ते मांडू. आकडे उदाहरणाचे आहेत, तुमचे टाका.

काहीच न करता रेटत राहिलात: जादा डिझेल ४,४००, किरकोळ दुरुस्ती ३,०००, आणि महिन्यात चार दिवस गाडी उभी, दिवसाला २,५०० चं भाडं बुडालं म्हणजे १०,०००. एकूण १७,४००.

इंजिन आणि क्लच मिळून ८५,००० चं काम केलंत आणि गाडी नंतर दोन वर्षं चालली: महिन्याला साधारण ३,५४० त्या कामाचे, ३,००० किरकोळ, दोन दिवस खाडा धरला तर ५,०००. एकूण साडेअकरा हजार.

नवी घेतलीत, दोन लाख भरून आठ लाखांचं कर्ज, ११ टक्के, पाच वर्षं: हप्ता सुमारे १७,४००. वर नव्या गाडीचा विमा महाग. पाच वर्षांनी गाडी तुमची होते हे खरं, पण टोमॅटोचा भाव पडला, भाडी थांबली, तरी हप्ता थांबत नाही.

बघा, रेटत राहण्याचा खर्च नव्या गाडीच्या हप्त्याएवढाच निघाला. आपल्याकडे बहुतेक घरं याच पहिल्या रस्त्यावर असतात, कारण तिथे एकदम मोठी रक्कम द्यावी लागत नाही आणि बुडालेलं भाडं कोणी लिहून ठेवत नाही. माझं मत विचाराल तर चासी ठणठणीत असेल आणि कॉम्प्रेशन टेस्टने दोष पक्का केला असेल, तर काम काढा. खाडे दोनाच्या खाली येतच नसतील, किंवा दुरुस्तीनंतर सहा महिन्यांत दुसरं मोठं काम निघालं, तर मग सोडा.

नवी घेताना हेही बघा की बीएस-६ डिझेलमध्ये सहसा डीपीएफ असतो. त्यात साचलेली काजळी जाळायला एग्झॉस्ट चांगला तापावा लागतो, त्यासाठी गाडी सलग पळावी लागते. गावातल्या गावात दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्या असतील तर हा फिल्टर चोंदतो. अशा कामाला जवळ पंप असेल तर सीएनजी बघा.

कागदपत्रं विसरू नका

"दहा वर्षांची डिझेल गाडी बंद" हा व्हॉट्सॲप फॉरवर्ड तुम्हालाही आला असेल. तो नियम दिल्ली-एनसीआरचा, महाराष्ट्रातल्या गाड्यांना तो लागू नाही. आपल्याकडे बघायचं ते फिटनेस. मालवाहू गाडीचं फिटनेस पहिली आठ वर्षं दोन-दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी करावं लागतं. फिटनेस नसेल तर कायद्याने गाडीची नोंदणीच वैध धरत नाहीत, मग अपघातात विम्याचंही भांडण. आठ वर्षांपुढे पर्यावरण कर लागतो, आणि १५ वर्षांपुढे फिटनेसची फी एप्रिल २०२२ पासून कैक पटींनी वाढली आहे. गाडी चौदा वर्षांची असेल तर हा खर्च वरच्या हिशोबात धराच, चालू दर परिवहन पोर्टलवर दिसतात. एमपरिवहन ॲपमध्ये गाडीचा नंबर टाकलात की फिटनेस, विमा आणि पीयूसी कधी संपतंय ते लगेच कळतं.

सोडायचीच ठरली तर भंगारवाल्याला परस्पर देऊ नका. सरकारमान्य स्क्रॅपिंग केंद्रात दिली की ठेव प्रमाणपत्र मिळतं, त्यावर नव्या गाडीची नोंदणी फी माफ होते आणि मालवाहू गाडीला रस्ता करात केंद्राच्या नियमानुसार १५ टक्क्यांपर्यंत सवलत मिळू शकते. किती द्यायची ते राज्य ठरवतं, त्यामुळे आधी आरटीओत विचारा.

आणि चालू गाडी विकत असाल तर ओएलएक्सवर दिसतो तो मागितलेला भाव असतो, मिळालेला नव्हे. फॉर्म २९ आणि ३० भरून आरसी नव्या मालकाच्या नावावर झाली का ते ॲपमध्ये स्वतः तपासा. तोपर्यंत ती गाडी कुठेही सिग्नल तोडो, चलनाचा मेसेज बाबांच्याच मोबाईलवर येणार.