निमुळत्या वरामाच्या होडीवर यंत्राची बैठक

लहान होडीच्या पाठीमागे बाहेरून यंत्र अडकवून तिला गती देण्याची युक्ती आता शंभराहून अधिक वर्षांची झाली आहे. नॉर्वेत जन्मलेल्या आणि अमेरिकेत स्थायिक झालेल्या ओले एव्हिनरूड याने १९०९ च्या सुमारास असे यंत्र विक्रीस आणले, आणि पुढे ‘आऊटबोर्ड मोटर’ या नावाने ते जगभर पसरले. हे यंत्र ज्या होड्यांसाठी कल्पिले गेले, त्यांचा मागील भाग सपाट फळीचा होता. त्या फळीवर दोन मळसूत्री पकडींनी यंत्र आवळले की काम संपत असे. यंत्राचा दांडा किती लांब असावा, पकड किती रुंद उघडावी, पंखा पाण्यात किती खोल राहावा, ही सारी मापे त्या फळीवरून ठरली आणि आजही बहुतांशी तशीच चालत आली आहेत.

कोकणातील अनेक लहान होड्यांना, विशेषतः उलांडीच्या होड्यांना, अशी फळी नसते. नाळ आणि वराम, म्हणजे पुढचे व मागचे टोक, दोन्ही निमुळती असतात. वल्ह्याने किंवा शिडाने चालणाऱ्या होडीला हा आकार फार सोयीचा असतो. मागून येणारी लाट निमुळत्या वरामावर दुभंगते, आणि किनाऱ्यावर ओढून घेताना होडी कोणत्याही टोकाने ओढता येते. मात्र अशा होडीवर यंत्र बसवावयाचे, तर त्यासाठी निराळी बैठक तयार करावी लागते. कारागीर तिला सरळ ‘ब्रॅकेट’ म्हणतात. दिसावयास क्षुल्लक असा हा सांगाडा कसा घडवावा, त्यावर कोणती बळे येतात आणि तो नेमका कोठे दगा देतो, याचा विचार पुढे केला आहे.

प्रश्नाचे स्थानिक रूप

रत्नागिरी तालुक्यातील पाली हे मुंबई-गोवा महामार्गावरील गाव. ते समुद्रकाठचे नव्हे. परंतु काजळी नदी भाट्याच्या खाडीत, मुचकुंदी पूर्णगडाजवळ आणि शास्त्री जयगडाजवळ समुद्रास मिळते, आणि या साऱ्या खाड्यांचा प्रदेश पालीच्या आसपासच्या मुलखाशी रस्त्याने जोडलेला आहे. होडी खाडीकाठच्या सुताराच्या हातची, तर लोखंडी कोन, पट्ट्या आणि वेल्डिंग ही महामार्गावरच्या गावांतील कामे, अशी विभागणी अशा प्रदेशात स्वाभाविकपणे होते. फाटके, खिडक्यांचे गज आणि वाहनांचे सांगाडे घडविणाऱ्या हाताला लोखंडाचे बळ चांगले कळते. सुताराला लाकडाचा स्वभाव कळतो. बैठकीची खरी परीक्षा मात्र लोखंड जेथे लाकडास मिळते तेथे होते, आणि तो जोड दोघांपैकी कोणाच्याच नित्याच्या कामात मोडत नाही. बहुतेक अपघातांचे मूळ तेथे असू शकते, म्हणून तिकडे अधिक लक्ष दिले पाहिजे.

उंची आणि कोन

प्रथम उंचीचा विचार करू. आखूड दांड्याच्या यंत्रासाठी फळीच्या वरच्या कडेपासून होडीच्या तळापर्यंतचे प्रमाणित अंतर १५ इंच, म्हणजे सुमारे ३८ सेंटिमीटर, आणि लांब दांड्यासाठी २० इंच, म्हणजे सुमारे ५१ सेंटिमीटर धरले जाते. पंख्याच्या वर एक आडवी चपटी पट्टी असते. पृष्ठभागावरील हवा पंख्याकडे ओढली जाऊ नये, हे तिचे काम. ही पट्टी होडीच्या तळाच्या पातळीत किंवा तिच्या किंचित खाली राहिली पाहिजे. यंत्र फार वर बसले तर लाटेवर वराम उचलला जाताच पंखा हवा ओढतो, यंत्र एकाएकी मोकळे पळू लागते आणि होडीला गती मिळत नाही. ते फार खाली बसले तर पाण्याचा विरोध वाढतो, यंत्राच्या डोक्यावर पाणी उडते आणि उथळ खाडीत पंखा वाळूस लागतो. निमुळत्या होडीचा वराम लाटांवर अधिक हलतो. म्हणून तिच्या बाबतीत किंचित खोली परवडते, उथळपणा परवडत नाही. बैठकीच्या फळीला वेगवेगळ्या उंचीवर दोन-तीन भोकांच्या जोड्या ठेवल्या, तर पाण्यात पाहून योग्य उंची ठरविता येते.

सपाट वरामाची फळी बहुधा उभ्या रेषेशी १२ ते १५ अंशांचा कोन करून मागे कललेली असते, आणि यंत्राची पकड या कलाला जुळेल अशी घडविलेली असते. घरी केलेली बैठक अगदी उभी ठेवली, तर पंख्याचा दांडा पाण्याच्या पातळीशी समांतर राहत नाही. मग रेट्याचा काही भाग वराम उचलण्यात किंवा दाबण्यात खर्च होतो. फळीची जाडी सर्वसाधारणपणे चार-पाच सेंटिमीटर असावी. त्याहून पातळ फळी वाकते, आणि जाड फळी पकडीत मावत नाही.

रेट्याचे गणित

आता बळांचा विचार. दहा अश्वशक्तीचे यंत्र, होडी बांधलेली असताना, सुमारे १०० किलोग्रॅम भाराइतका रेटा देते असे समजू. हा रेटा पंख्यापाशी निर्माण होतो, आणि पंखा पकडीच्या खाली सुमारे ५५ सेंटिमीटर असतो. म्हणजे बैठकीवर रेट्याबरोबर ५५ किलोग्रॅम-मीटर इतके परिबलही येते. यंत्राचा पाय पुढे जाऊ पाहतो आणि डोके मागे झुकू पाहते. बैठकीचा खालचा भाग होडीवर दाबला जातो, वरचा भाग होडीपासून सुटू पाहतो.

यंत्राची पकड आणि वरचे बोल्ट एकाच पातळीवर आहेत, आणि खालचे बोल्ट त्यांच्या खाली २५ सेंटिमीटरवर आहेत असे धरू. परिबलाला २५ सेंटिमीटरने भागले की खालच्या ओळीवर २२० किलोग्रॅमचा दाब येतो. वरच्या ओळीवर १२० किलोग्रॅमचा ताण येतो, आणि या दोहोंमधील अंतर, म्हणजे १०० किलोग्रॅम, हा होडीला पुढे नेणारा रेटा. आता हेच अंतर निम्मे, साडेबारा सेंटिमीटर, केले तर खालचा दाब ४४० किलोग्रॅम होतो आणि वरचा ताण ३४० किलोग्रॅम. अंतर निम्मे झाले, पण ताण जवळजवळ तिप्पट झाला. उलट खालचा टेकू ४० सेंटिमीटर खाली नेला, तर वरचा ताण ३८ किलोग्रॅमच्या आसपास उतरतो. खालच्या टेकूची जागा काही सेंटिमीटरांनी बदलल्याने एवढा फरक पडतो. लोखंडाची जाडी दुप्पट करूनही तो साधत नाही.

याचे कारण असे की लोखंड येथे क्वचितच दुर्बळ ठरते. १२ मिलिमीटरचा साधा पोलादी बोल्ट एक टनाहून अधिक ताण सहज सोसतो. दुर्बळ असते ते वॉशरखालील लाकूड. लहान वॉशर लाकडात रुततो, बोल्ट सैल होतो, भोक रुंदावते, आणि तेथून फळ्यांच्या सांध्यात पाणी शिरू लागते. वॉशरऐवजी आतल्या बाजूने १० सेंटिमीटर लांब आणि ५ सेंटिमीटर रुंद अशी धातूची पट्टी दिली, तर दाब पडण्याचे क्षेत्र सुमारे पंधरापट होते. बोल्ट आरपार असावेत. लाकडाच्या टोकाच्या रेषांत घुसविलेले स्क्रू या कामास निरुपयोगी आहेत. आणि बोल्ट केवळ बाहेरच्या फळीतून न जाता वरामाचा उभा खांब, आतील फासळ्या किंवा पठाण, म्हणजे तळाचा कणा, यांच्यापर्यंत पोहोचले पाहिजेत.

आडव्या तुळईची बैठक

निमुळत्या वरामावर बैठक बसविण्याच्या दोन रीती संभवतात. पहिलीत वरामाच्या दोन्ही अंगांनी दोन बाहू मागे नेऊन त्यांच्यामध्ये फळी बसवितात. दुसरीत होडीच्या दोन्ही काठांवर एक आडवी तुळई टाकून ती एका बाजूस बाहेर काढतात आणि तिच्या टोकाशी उभी फळी जोडतात. दुसरी रीत सोपी वाटते, कारण उलांडीचे आडवे वासे काथ्याच्या दोरीने बांधण्याची कला किनाऱ्यावर परिचित आहे.

परंतु उलांडीचा वासा आणि यंत्राची तुळई यांवर येणारी बळे सारखी नसतात. उलांडीचा वासा मुख्यतः वाकतो, आणि दोरीचा बंध वाकण्यास चांगला तोंड देतो. यंत्राच्या तुळईवर मात्र वर सांगितलेले ५५ किलोग्रॅम-मीटरचे परिबल पीळ म्हणून येते. गोल वासा दोरीने कितीही आवळला, तरी तो स्वतःभोवती फिरू शकतो, आणि तो फिरला की यंत्राचा पाय पुढे जातो व डोके मागे पडते. म्हणून तुळई चौकोनी छेदाची असावी, आणि एकीऐवजी दोन तुळया पुढेमागे टाकून त्यांची चौकट करावी. त्या दोहोंत ३० सेंटिमीटर अंतर ठेवले, तर पीळ एका बलयुग्मात बदलतो: पुढची तुळई सुमारे १८० किलोग्रॅमने वर उचलली जाते आणि मागची तितक्याच बळाने खाली दाबली जाते. मागची तुळई काठावर नुसती टेकली तरी चालते. पुढची मात्र फासळ्यांशी खाली आवळून धरलीच पाहिजे. चौकट चारही ठिकाणी सारखी बांधली जाते आणि पुढच्या तुळईकडे विशेष लक्ष राहत नाही, ही येथे संभवणारी मोठी चूक आहे.

कोणत्या बाजूस?

यंत्र होडीच्या मध्यरेषेपासून ६० सेंटिमीटर बाजूस बसले, तर त्याचे ४० किलोग्रॅमच्या आसपासचे वजन होडीला तितकेच कलते करते, जितके साठ किलोग्रॅमचा माणूस मध्यापासून ४० सेंटिमीटर बाजूस बसला असता करील. शिवाय रेटा एका बाजूने लागल्यामुळे नाळ दुसरीकडे वळू पाहते. यंत्र होडीच्या मध्यापासून अडीच मीटर मागे असेल, तर रेट्याची रेषा मध्यातून जाण्यासाठी ते तेरा-चौदा अंश वळते ठेवावे लागते.

उलांडीच्या होडीत या दोन्ही अडचणींवर एक उपाय उपलब्ध आहे. यंत्र उलांडीच्या बाजूस बसविले, तर त्याचे वजन उलांडीची तरणशक्ती पेलते. विरुद्ध बाजूस बसविले तर तेच वजन उलांडीला पाण्यातून उचलू पाहते. तसेच पाण्यातून घसटत जाणारी उलांडी नाळेला आपल्या बाजूस ओढते, तर त्याच बाजूचे यंत्र तिला दुसरीकडे ढकलते. दोन्ही प्रवृत्ती काही अंशी परस्परांना छेद देतात. जाळे ओढण्यासाठी मोकळी बाजू मोकळीच राहते, हा तिसरा लाभ. उलांडीचे वासे आणि पंखा यांच्यात पुरेसे अंतर मात्र राखले पाहिजे.

साहित्य, गंज आणि कंप

फळीसाठी साग उत्तम. ऐन मजबूत पण जड. प्लायवूड वापरावयाचे असल्यास आयएस ७१० या भारतीय मानकाचे, सागरी उपयोगाचे, घ्यावे आणि त्याच्या कडा रंगाने किंवा राळेने पूर्ण बंद कराव्यात. साधे लोखंड खाऱ्या पाण्यात गंजते, आणि ओल्या लाकडातील गंजता बोल्ट भोवतालचे लाकूडही कुजवितो. म्हणून जस्ताचा मुलामा दिलेले पोलाद किंवा गंजरोधक पोलाद श्रेयस्कर. वेल्डिंग जस्ताच्या मुलाम्यापूर्वी करावे. नंतर केले तर नेमका सांधाच उघडा पडतो. यंत्राचे अंग बहुधा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे असते. त्याला पितळ किंवा तांबे सरळ लागले, तर खाऱ्या पाण्यात ॲल्युमिनियम झपाट्याने झिजते.

कंपाचा परिणाम सावकाश पण निश्चित होतो. मिनिटास पाच हजार फेरे करणारे यंत्र एका तासात बैठकीला तीन लाख हेलकावे देते. त्यामुळे साध्या चाक्या सैल होतात. नायलॉनच्या कड्याच्या किंवा दुहेरी चाक्या वापराव्यात. वेल्डिंगच्या सांध्यापाशी धातूला थकवा येऊन बारीक तडा पडतो, आणि रंगाखाली तो दिसत नाही. सांध्याशी तिरकी पट्टी दिल्यास तेथील ताण पसरतो.

पाण्याखालील खडकास किंवा वाळूच्या दांड्यास लागताच यंत्र वर उचलले गेले पाहिजे. सांगाड्याची कोणतीही पट्टी या हालचालीच्या आड येता कामा नये. ती आली तर आघाताचे सारे बळ बैठकीतून होडीच्या फळ्यांत उतरते.

कसोटी

बैठकीची परीक्षा खोल पाण्यात करावयाची नसते. प्रथम होडी किनाऱ्यावर पक्की रोवून, यंत्राऐवजी तितक्याच लांबीचा लाकडी पाय फळीवर आवळावा. त्याच्या खालच्या टोकास दोर बांधून, तो कप्पीवरून नेऊन, वाळूच्या पोत्यांनी पुढच्या दिशेस दीडशे किलोग्रॅमचा ओढ द्यावा आणि तासभर तसाच ठेवावा. बोल्टांच्या कडेने पेन्सिलीच्या रेषा आखून ठेवल्या, तर केसाइतकी सरकही लक्षात येते. नंतर उलट दिशेनेही ओढ द्यावा, कारण मागे चालताना सारी बळे उलटतात. पुढे शांत पाण्यात होडी धक्क्यास बांधून यंत्र हळूहळू पूर्ण वेगास न्यावे. पहिल्या काही फेऱ्यांनंतर प्रत्येक बोल्ट पुन्हा आवळावा. यंत्राला होडीच्या सांगाड्याशी जोडणारी एक साखळी नेहमी असावी, आणि माणूस पडताच यंत्र बंद करणारी दोरी चालविणाऱ्याच्या अंगास अडकविलेली असावी.

अन्यत्र याच प्रश्नास इतर उत्तरे मिळाली आहेत. थायलंडमध्ये यंत्र एका खुंटीवर तोलून लांब दांड्याच्या टोकाशी पंखा ठेवतात. केरळात नींडकरा येथे १९५३ पासून चाललेल्या भारत-नॉर्वे प्रकल्पाने यंत्रासाठी नव्या घडणीच्या नौकाच पुढे आणल्या. पण जी होडी आधीच घरी आहे आणि जिच्यावर एका कुटुंबाचा चरितार्थ चालतो, ती टाकून देता येत नाही. वराम कापून फळी बसविणे हाही धोक्याचा उपाय आहे. त्याने मागून येणाऱ्या लाटेस वाट मिळते, आणि ती लाट नेमकी खाडीच्या मुखाशी उठते. अशा होडीला बैठक हवी, आणि ती लोहार व सुतार यांनी एकत्र उभे राहून होडीवरच मापे घेऊन करावयास हवी. खालचा टेकू किती खाली, पुढची तुळई कशाशी आवळलेली आणि बोल्ट कोणत्या लाकडापर्यंत पोहोचलेला, या तीन प्रश्नांची उत्तरे दोघांनाही पटली, म्हणजे होडी पाण्यात लोटण्यास हरकत नाही.