खेळ, छंद आणि हलती चित्रे

नागपुरातील सक्करदरा म्हटले की तलाव, भोसल्यांचा राजवाडा आणि बुधवारचा बाजार एवढी तीन ठिकाणे कोणाच्याही डोळ्यांपुढे येतात. परंतु त्याच भागात ज्याचे बालपण गेले, तो गृहस्थ या तिहींच्या आधी तेथील मोकळ्या जागांची आठवण सांगेल. संक्रांत जवळ आली की जुन्या शुक्रवारीतून आणलेले पतंग, उन्हाळ्यात विटीदांडू, आणि परीक्षा संपताच रेशीमबागेच्या मैदानावर शेजारी शेजारी चाललेले क्रिकेटचे अनेक डाव. एका डावाचा चेंडू दुसऱ्या डावातल्या मुलाने अडवावा, इतके ते एकमेकांत मिसळलेले. घरी आल्यावर कंचे, आगपेट्यांचे छाप, पोस्टाची तिकिटे होतीच. पुढे वय वाढते, गुडघे ऐकेनासे होतात, आणि हाच गृहस्थ नातवंडांशेजारी बसून पाच-सात मिनिटांची हलती चित्रे मोठ्या चवीने पाहताना आढळतो. म्हातारपण म्हणजे दुसरे बालपण, असे म्हणून घरची मंडळी ते हसण्यावारी नेतात. हे स्पष्टीकरण सोयीचे असले तरी बरोबर नाही. नातवंडाला त्या चित्रांत गोष्ट दिसते. आजोबांना गोष्टीबरोबर गती दिसते, आणि गती पाहण्याचे शिक्षण त्यांना मैदानावर मिळालेले असते.

विटीचेच उदाहरण घ्यावे. जमिनीवरच्या विटीच्या टोकावर दांडू मारून ती उडवायची आणि हवेत असतानाच टोला द्यायचा. नवखा मुलगा विटी उठताच घाईने दांडू फिरवितो आणि फसतो. मुरलेला खेळाडू क्षणभर थांबतो. कारण वर जाणारी विटी माथ्याशी पोचता पोचता मंदावते, जणू हवेत थबकते, आणि टोला मारावयाचा तो तेथेच. हे ज्ञान कोणत्याही पुस्तकातून आलेले नसते. गॅलिलिओने सतराव्या शतकात ते आकड्यांत मांडले: पडणारी वस्तू समान कालखंडांत १, ३, ५, ७ या प्रमाणात अंतरे कापते. सेकंदाचा बारावा भाग हा एक कालखंड धरला, तर माथ्यावरून सुटलेली विटी पहिल्या खंडात सुमारे ३.४ सेंटिमीटर, आणि पुढच्या तीन खंडांत अनुक्रमे सुमारे १०, १७ आणि २४ सेंटिमीटर खाली येते.

चित्रकाराला विटी हलवून दाखवावयाची असेल, तर त्याला नेमके हेच करावे लागते. बोलपटाच्या काळापासून चित्रपटाच्या फितीवर सेकंदाला २४ चौकटी असतात. पुष्कळदा एकच चित्र दोन चौकटींवर घेतात, म्हणजे सेकंदाला १२ चित्रे काढावी लागतात. माथ्याजवळची चित्रे एकमेकांना अगदी लागून आणि जमिनीजवळची दूर दूर, अशी मांडणी केली की कागदावरच्या रेघेला वजन येते. सर्व चित्रे समान अंतरावर काढली तर विटी पडत नाही. दोरीने खाली सोडल्यासारखी उतरते. पाहणाऱ्याला दोष सांगता येत नाही, पण काहीतरी खटकते. ज्याने शेकडो विट्या टोलविल्या त्याला ते अधिक लवकर खटकते, इतकेच.

ही चित्रे सलग का भासतात, याचे जुने उत्तर असे की, डोळ्यावर उमटलेली प्रतिमा पुढली येईपर्यंत टिकून राहते. पाठ्यपुस्तकांतून ते अजूनही आढळते. परंतु ते अपुरे आहे. प्रतिमा नुसत्या टिकून राहिल्या असत्या, तर एकीवर दुसरी पडून सगळा गोंधळ झाला असता. माक्स व्हेर्टहायमर या मानसशास्त्रज्ञाने १९१२ साली दाखविले की, दोन स्थिर दृश्ये योग्य अंतराने पुढे आली म्हणजे त्यांमधली गती मन स्वतःच निर्माण करते. ज्या मनाने खऱ्या गतीचा भरपूर अनुभव घेतला आहे, त्याला या खेळात अधिक गोडी वाटावी यात नवल कसले?

शरीराच्या हालचालीचेही तसेच आहे. मल्लखांबावर झेप घेण्यापूर्वी गडी किंचित दबतो; कबड्डीत उजवीकडे निसटावयाचे असेल तर क्षणभर डावीकडे झुकतो. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने (स्थापना १९१४) आपले खेळ व व्यायाम १९३६ साली बर्लिनला नेऊन दाखविले. तेथील प्रेक्षकांना नियम ठाऊक नसले तरी हे दबणे आणि झुकणे समजण्यास भाषांतराची गरज नव्हती. वॉल्ट डिस्नेच्या दोन जुन्या सहकाऱ्यांनी, फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन यांनी, १९८१ च्या आपल्या ग्रंथात हलत्या चित्रांची जी बारा तत्त्वे नोंदविली, त्यांत कृतीपूर्वीच्या या तयारीला स्वतंत्र स्थान आहे. आपटलेला चेंडू चपटा आणि सुटलेला लांबट काढावा, हेही त्यांतलेच एक.

आता छंदांकडे वळावे. कारण महाराष्ट्रात ही कला आली तीच मुळी छंदाच्या वाटेने. दादासाहेब फाळके यांना छायाचित्रण, मुद्रण, जादूचे प्रयोग अशा किती गोष्टींचा नाद होता! १९१२ साली, ‘राजा हरिश्चंद्र’ काढण्यापूर्वी, त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि ठरावीक काळाने एकेक चौकट घेऊन त्या रोपाची वाढ पडद्यावर काही क्षणांत घडवून दाखविली. ती चित्रफीत पाहून एका स्नेह्याने भांडवल पुरविले. पुढे पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१५ साली, त्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ ही लहानशी चित्रफीत केली. काड्या मांडायच्या, एक चौकट घ्यायची, काड्या किंचित सरकवायच्या, पुन्हा एक चौकट. फ्रान्सच्या एमिल कोल याने १९०८ सालीच काड्या नाचविल्या होत्या, तेव्हा पहिलेपणाचा मान फाळक्यांना देण्याचे कारण नाही. परंतु ज्या काड्यांची घरे आणि माणसे करण्यात घरोघरची मुले दुपार घालवीत, त्याच काड्या त्यांनी पडद्यावर चढविल्या, हे लक्षात राहण्यासारखे आहे. त्या चित्रफितीची प्रत आज उपलब्ध नाही.

पुण्याच्या ‘प्रभात’ने १९३४ साली ‘जंबूकाका’ काढला. १९५६ साली मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये डिस्नेकडील क्लेअर वीक्स यांनी तरुण चित्रकारांना शिकविले. परंतु घराघरांतून ज्याची आठवण निघते तो लघुपट म्हणजे विजया मुळे यांचा, १९७४ सालचा ‘एक अनेक और एकता’. जाळ्यासकट उडून जाणाऱ्या पक्ष्यांची जुनीच गोष्ट. चित्रे भीमसेन यांची, संगीत वसंत देसाई यांचे. त्यातली चालना अगदी साधी आहे. डिस्नेच्या मानाने तर गरीबच. तरीही दूरदर्शनवर तो पाहिलेली माणसे आज पन्नाशी ओलांडून गेली असताना गाणे गुणगुणू लागतात, याचे श्रेय लयीला द्यावे लागते. सात मिनिटांच्या चित्रपटाला १०,०८० चौकटी लागतात. दोन चौकटींना एक चित्र धरले तरी ५,०४० चित्रे. एवढी मोजदाद ठाऊक असलेला मनुष्य असा लघुपट पाहताना सहसा उठून जात नाही.

सक्करदऱ्यातील मोकळ्या जागांवर आता घरे उभी आहेत, याबद्दल हळहळण्यात अर्थ नाही. माणसांना राहावयास घरे हवीतच. काळजीची बाब निराळी आहे. पतंगाचा मांजा पूर्वी घरी होई. काच कुटायची, वस्त्रगाळ करायची, भाताच्या खळीत रंगासह कालवायची आणि सुती दोऱ्यावर चढवून उन्हात वाळवायची. दोरा कितपत धरील आणि किती ढील सोसेल, हे त्या उद्योगात बोटांना कळत असे. बोटे कापत, तेही त्यातच आले. मग न तुटणारा नायलॉनचा मांजा आयता मिळू लागला. दुचाकीस्वारांचे गळे आणि पक्ष्यांचे पंख कापले जाऊ लागले. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१७ साली त्यावर देशभर बंदी घातली. बंदी असूनही तो मिळतो, आणि संक्रांतीच्या सुमारास दुचाकीवरील लोक गळ्याला उपरणे गुंडाळून निघतात. दोरा तुटावा अशीच ज्या खेळाची रचना, त्यात न तुटणारा दोरा आणून जिंकणाऱ्याने नेमके काय जिंकले, हे सांगणे अवघड आहे.

ज्या घरात मैदान नाही आणि गच्चीही नाही, तेथे एक छंद मात्र अजून विनासायास करता येतो. इंग्लंडात जॉन लिनेट याने १८६८ साली त्याचे पेटंट घेतले होते. आपल्याकडची मुले पेटंटावाचूनच वहीच्या कोपऱ्यांवर तो करीत आली. जुन्या वहीची ११ पाने घ्यावीत. सहाव्या पानावर, कोपऱ्याच्या वरच्या बाजूस, विटी काढावी. तेथून पुढच्या पाच पानांवर ती अनुक्रमे २, ६, १०, १४ आणि १८ मिलिमीटर खाली आणावी, म्हणजे एकूण ५ सेंटिमीटर उतार होतो. मागच्या पाच पानांवर हीच अंतरे उलट क्रमाने घ्यावीत. आडवे अंतर मात्र प्रत्येक पानावर सारखे, ५ मिलिमीटर ठेवावे, आणि विटी दर पानाला थोडी फिरवावी. अंगठ्याखालून पाने एका सेकंदात सोडली की विटी उठते, माथ्याशी थबकते आणि खाली येते. ती तरंगल्यासारखी वाटली, तर मधल्या तीन पानांवरील चित्रे एकमेकांपासून फार दूर पडली आहेत असे समजावे, आणि तेवढी खोडून पुन्हा काढावीत.