बालकांच्या चित्रफिती आणि पालकांची पारख : एक भाषावैज्ञानिक विवेचन

लहान मुलांसाठी म्हणून तयार केलेल्या चित्रफिती यूट्यूबसारख्या माध्यमांतून आज घरोघरी पोचल्या आहेत. त्यांविषयी पालक एकच प्रश्न पुनःपुन्हा विचारतात : अमुक चित्रफीत मुलाला दाखवावी की दाखवू नये? हा प्रश्न सामान्यतः बालरोगतज्ज्ञांकडे किंवा मानसशास्त्रज्ञांकडे सोपविला जातो. तथापि ह्या चित्रफितींपैकी पुष्कळशा बडबडगीते, गोष्टी, मोजणी व वस्तूंची नावे यांच्याच असतात, आणि 'त्यातून मूल बोलायला शिकेल' ही पालकांची अपेक्षा असते. तेव्हा ही अपेक्षा कितपत साधार आहे याचा निर्णय करण्याचे काम काही अंशी भाषाविज्ञानाचेही आहे. प्रस्तुत लेखात त्या दृष्टीने उपलब्ध पुराव्याचा परामर्श घेऊन पालकांना वापरता येतील असे काही निकष सुचविण्याचा विचार आहे.

प्रथम पालक आज कोणत्या कसोट्या लावतात ते पाहू. त्या मुख्यतः तीन आहेत : लोकप्रियता, शिक्का आणि मुलाची तन्मयता.

पहिली कसोटी लोकप्रियतेची. 'बेबी शार्क' ही २०१६ सालची चित्रफीत नोव्हेंबर २०२० मध्ये यूट्यूबवरील सर्वाधिक पाहिली गेलेली चित्रफीत ठरली आणि जानेवारी २०२२ मध्ये तिच्या दर्शनांची संख्या १,००० कोटींवर गेली. परंतु ही संख्या काय मोजते? ती दर्शने मोजते, प्रेक्षक नव्हे. लहान मूल तेच गाणे दिवसातून अनेकदा मागते. शिवाय एक चित्रफीत संपताच दुसरी आपोआप सुरू होण्याची सोय असते. म्हणजे ह्या आकड्यात मुलाचा हट्ट, यंत्राची योजना आणि पालकांची सवड-निवड हे सारे मिसळलेले असते. त्यावरून योग्यतेविषयी कोणतेच अनुमान काढता येत नाही.

दुसरी कसोटी शिक्क्याची. सार्वजनिक प्रदर्शनासाठी असलेल्या चित्रपटास १९५२ च्या अधिनियमानुसार आधी प्रमाणपत्र घ्यावे लागते. कोणीही व्यक्तीने यूट्यूबवर चढविलेल्या चित्रफितीला असे पूर्वप्रमाणन नाही. तेथे 'मुलांसाठी' असा जो निर्देश आढळतो त्याचा उगम वेगळा आहे. मुलांची माहिती पालकांच्या संमतीवाचून गोळा केल्याच्या आरोपावरून २०१९ साली अमेरिकेतील फेडरल ट्रेड कमिशन व न्यूयॉर्क राज्य यांच्याशी झालेल्या तडजोडीत गूगल व यूट्यूब यांनी १७ कोटी डॉलर भरण्याचे मान्य केले आणि जानेवारी २०२० पासून चित्रफीत मुलांसाठी आहे की नाही हे निर्मात्याने सांगावे असा नियम लागू झाला. 'मुलांसाठी' म्हटलेल्या चित्रफितीवर व्यक्तिलक्ष्यी जाहिराती दाखविल्या जात नाहीत व अभिप्रायांची सोय बंद असते. म्हणजेच हा निर्देश माहितीच्या संरक्षणाचा आहे, गुणवत्तेचा नव्हे. २०१५ साली सुरू झालेले 'यूट्यूब किड्स' हे उपयोजन मुख्यतः यांत्रिक चाळणीवर चालते. परिचित व्यंगचित्रपात्रे वापरून केलेल्या विकृत व भीतिदायक चित्रफिती त्या चाळणीतूनही निसटल्याचे २०१७ साली उघडकीस आले होते.

तिसरी कसोटी तन्मयतेची. मूल एकाग्र होऊन पाहते, तेव्हा ते शिकत असले पाहिजे, असे पालकांस वाटते. ही समजूत सर्वांत दृढ आहे, आणि नेमकी हीच परीक्षेला उतरत नाही. ज्यूडी डिलोश व सहकारी यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात १२ ते १८ महिन्यांच्या बालकांना शब्द शिकविण्याचा दावा करणारी एक लोकप्रिय चित्रफीत महिनाभर घरी दाखविण्यात आली. ती न पाहिलेल्या बालकांपेक्षा ह्या बालकांना अधिक शब्द आले नाहीत. जेथे चित्रफीत न लावता पालकांनीच तेच शब्द दैनंदिन व्यवहारात शिकविले तेथे फळ सर्वांत चांगले मिळाले. ज्या पालकांना चित्रफीत आवडली होती, ते मुलाच्या प्रगतीविषयी अधिक अनुकूल अनुमान करीत होते, हेही त्यात दिसून आले.

असे का व्हावे? येथे भाषासंपादनाचा मूळ प्रश्न उपस्थित होतो. केवळ कानी पडलेल्या भाषेवरून भाषा आत्मसात होते काय? जॅकलिन सॅक्स व सहकारी यांनी १९८१ साली एका मुलाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्याचे आईवडील बधिर होते, तो स्वतः ऐकू शकत होता, आणि बोलली जाणारी इंग्रजी त्याच्या कानी मुख्यतः दूरचित्रवाणीवरून पडत होती. पावणेचार वर्षांच्या सुमारास त्याची भाषा वयाच्या मानाने मागे होती व वाक्यरचनाही विलक्षण होती. मोठ्या माणसांशी नियमित संभाषण सुरू होताच ती झपाट्याने सुधारली. एका मुलाच्या उदाहरणावरून सिद्धांत मांडता येत नाही हे खरे. परंतु पुढील प्रयोगांनी त्याच दिशेस पुष्टी दिली. पॅट्रिशिया कूल व सहकारी यांनी २००३ साली नऊ महिन्यांच्या अमेरिकन अर्भकांना बारा बैठकींत मँडरिन चिनी ऐकविली. समोर बसून खेळणाऱ्या व पुस्तके वाचून दाखविणाऱ्या व्यक्तीकडून ती ऐकणाऱ्या अर्भकांना त्या भाषेतील एक ध्वनिभेद ओळखता येऊ लागला. तेच वाचन व खेळ चित्रफितीतून पाहणाऱ्यांना किंवा केवळ ध्वनिमुद्रणातून ऐकणाऱ्यांना तो आला नाही.

दोष पडद्याचा आहे काय? तसेही दिसत नाही. सारा रोझबेरी, कॅथी हर्श-पासेक व रॉबर्टा गॉलिंकॉफ यांनी २०१४ साली दाखवून दिले की, २४ ते ३० महिन्यांची बालके पडद्यावरील प्रत्यक्ष संभाषणातून नवी क्रियापदे शिकतात. पूर्वमुद्रित चित्रफितीतून मात्र ती शिकत नाहीत. दोहोंतही पडदा आहे. फरक आहे तो प्रतिसादाचा. परगावच्या आजीशी पडद्यावरून होणारे बोलणे आणि बडबडगीतांची चित्रफीत यांना पालकांनी एकाच मापाने मोजू नये, हा ह्या निष्कर्षाचा व्यावहारिक अर्थ होय.

मराठीच्या संदर्भात हा मुद्दा एका सर्वनामावरून चांगला स्पष्ट होतो. मराठीत श्रोत्यास वगळणारे 'आम्ही' आणि श्रोत्यास सामावून घेणारे 'आपण' असा भेद आहे. चित्रफितीतील पात्र म्हणते, 'चला, आपण मोजू या'. क्षणभर थांबते आणि मग 'शाबास!' म्हणते. मुलाने मोजले असो, चुकीचे मोजले असो, की ते खोलीतून निघून गेलेले असो, शाबासकी ठरलेली आहे. येथील 'आपण' व्याकरणदृष्ट्या समावेशक असले तरी व्यवहारात त्यात कोणीही सामावलेले नसते. 'हे बघ', 'ते कोण?' ह्या दर्शक सर्वनामांचेही असेच. 'हे' म्हणजे काय हे मुलास कळते ते बोलणाऱ्याची नजर व बोट यांच्या मागोमाग स्वतःची नजर नेऊन. मूल ज्याकडे पाहत आहे त्याचेच नाव त्या क्षणी उच्चारणे घरच्या माणसास साधते, मुद्रित चित्रफितीस नाही.

अशोक केळकर यांनी १९६४ साली मराठी बालबोलीवर निबंध लिहिला, आणि त्याच वर्षी चार्ल्स फर्ग्युसन यांनी सहा भाषांतील बालबोलींची तुलना केली. त्या सहांत मराठीही होती. मंमं, भूर, जोजो, माऊ, हम्मा ह्यांसारख्या शब्दांचे वैशिष्ट्य केवळ सुलभ ध्वनिरचनेत नाही. 'भूर' हा शब्द दाराशी, पायांत चपला घालताना उच्चारला जातो, 'मंमं' घासाबरोबर. शब्द, प्रसंग आणि माणूस यांची ही सांगड तुटली की उरतो तो नुसता नाद.

ह्यावरून सर्वच चित्रफिती त्याज्य ठरतात असे मात्र नाही. डेबोरा लाइनबार्गर व डेल वॉकर यांना २००५ सालच्या अभ्यासात काही कार्यक्रम पाहणे व मोठा शब्दसंग्रह यांचा अनुकूल संबंध आढळला, तर दुसऱ्या काहींच्या बाबतीत प्रतिकूल. हा सहसंबंध आहे, कार्यकारणभाव नव्हे, हे विसरता कामा नये. परंतु रचनेप्रमाणे फळ बदलते, असे त्यातून सूचित होते. साधारण तीन वर्षांनंतर सुरचित कार्यक्रमांचा लाभ होऊ शकतो. तोच भाग लागोपाठ पाच दिवस पाहिल्याने तीन ते पाच वर्षांच्या मुलांचे आकलन वाढते, असे १९९९ सालच्या एका अभ्यासात दिसून आले. यास्तव 'तीच गोष्ट पुन्हा' ह्या मुलाच्या मागणीत वावगे काही नाही.

उपर्युक्त विवेचनावरून पालकांनी स्वतःस पुढील पाच प्रश्न विचारावेत, असे सुचवावेसे वाटते.

एक : चित्रफीत कोणत्या वयासाठी आणि कोणाच्या सोबतीने? जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली एक वर्षाखालील बालकांना पडदा मुळीच दाखवू नये, एक वर्षाच्या बालकांसाठीही तो शिफारसयोग्य नाही, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी मर्यादा दिवसाला फार तर एक तासाची असावी, असे सांगितले. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शनात दोन वर्षांखालील मुलांस पडदा वर्ज्य मानला असून दोन ते पाच वर्षांपर्यंत देखरेखीखाली एक तासाची मर्यादा घातली आहे.

दोन : मुलाला बोलायला जागा मिळते का? चित्रफीत मध्येच थांबवून 'आता काय होईल?' असे विचारता येते का? जेथे प्रसंगाला आदि-मध्य-अंत आहे तेथे हे शक्य होते. जेथे रंग व नाद यांचा अखंड मारा आहे तेथे नाही.

तीन : गती व अद्भुतता किती? अँजेलिन लिलार्ड व जेनिफर पीटरसन यांच्या २०११ च्या प्रयोगात वेगवान व अद्भुत व्यंगचित्रपट नऊ मिनिटे पाहिल्यानंतर चार वर्षांच्या मुलांची आत्मनियमनाची कामगिरी चित्रे काढीत बसलेल्या मुलांपेक्षा निकृष्ट ठरली. लिलार्ड यांच्या पुढील प्रयोगांवरून दोष वेगापेक्षा अशक्य घटनांच्या गर्दीचा असावा, असे दिसते.

चार : मराठी कशी आहे? पुष्कळ चित्रफिती अन्य भाषांतून रूपांतरित असतात. इंग्रजीत व हिंदीत 'आम्ही-आपण' हा भेद नाही. रूपांतरात 'चला, आम्ही मोजू या' असे वाक्य कानी पडले तर भाषांतरकाराचे कान मराठी नाहीत असे समजावे. 'तिने आंबा खाल्ला, तिने पोळी खाल्ली' ह्यातील कर्माप्रमाणे बदलणारे क्रियापद, 'आजोबा आले' ह्यातील आदरार्थी बहुवचन, आईला 'तू' व बाईंना 'तुम्ही', ह्या गोष्टी सांभाळल्या आहेत का, हे मराठीभाषक पालकास व्याकरण न उघडताही ऐकू येते.

पाच : चित्रफीत कशासाठी केली आहे? खेळण्यांची खोकी उघडून दाखविणाऱ्या चित्रफितींत मुलाच्या कानी पडतात ती मुख्यतः वस्तूंची व व्यापारी मुद्रांची नावे. अशी चित्रफीत जाहिरात म्हणूनच पारखावी.

अखेरची कसोटी चित्रफितीबाहेरची आहे. पाहून झाल्यावर मुलाने त्यातील एखादा शब्द वेगळ्या प्रसंगी, वेगळ्या वस्तूला लावला, किंवा गोष्ट आपल्या शब्दांत मोडकीतोडकी का होईना सांगितली, तर काही तरी रुजले असे म्हणता येईल. गाणे जसेच्या तसे म्हणून दाखविणे हे पाठांतर होय; त्यावरून वाक्यरचना किंवा अर्थ आत्मसात झाला, असे ठरत नाही.

लहान मुलांना घेऊन दिवसभर कामाची ओढाताण सोसणाऱ्या आईवडिलांना हे निकष जाचक वाटू नयेत. स्वयंपाक उरकेपर्यंत वीस मिनिटे मूल चित्रफीत पाहत बसले तर तो अपराध नव्हे. मात्र ती वीस मिनिटे आपल्या सोयीची आहेत, मुलाच्या शिक्षणाची नव्हेत, एवढे भान असले म्हणजे उरलेल्या वेळात बोलण्याची आठवण राहते.

आपल्या विभागातील पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी येथे संशोधनास मोठा वाव आहे. वर उल्लेखिलेला प्रायोगिक पुरावा अमेरिकेतील इंग्रजीभाषक मुलांवर आधारलेला आहे. मराठी चित्रफितींतील संबोधने, सर्वनामे व क्रियारूपे यांची नोंद करून तिची घरातील बोलण्याशी तुलना केल्यास पालकांस याहून नेमके सांगता येईल. त्यासाठी फार साधने लागत नाहीत. चित्रफिती सर्वांपुढे आहेत, आणि घरातील बोलणे, घरच्यांची संमती घेऊन, नोंदविता येण्याजोगे आहे.