उंबरखिंडीतला पेच आणि गेमची संहिता

व्हिडिओ गेमच्या लेखकाला संवादांआधी निर्णय लिहावे लागतात. खेळणारा कोणत्या क्षणी काय ठरवू शकेल, ठरवताना त्याला किती ठाऊक असेल आणि त्या निर्णयाची किंमत पुढे कुठे मोजावी लागेल, याची आखणी झाल्यावरच पात्रांच्या तोंडी शब्द येतात. नाटक लिहिणाऱ्याला प्रेक्षक खुर्चीत बसून राहील हे गृहीत धरता येते. गेमच्या प्रेक्षकाला मात्र रंगमंचावर कुठेही फिरण्याची मुभा असते. विद्यापीठात हा विषय शिकवताना पहिली तासिका या फरकासाठीच राखून ठेवावी लागते.

या लेखनाची सुरुवात एका गुहेत झाली. अमेरिकेतील विल क्राउदर हा प्रोग्रामर गुहांचा शोधक होता. केंटकीतील मॅमथ केव्हच्या परिसरात केलेल्या भटकंतीवरून त्याने १९७५-७६च्या सुमारास निव्वळ शब्दांनी खेळायचा ‘कोलॉसल केव्ह अॅडव्हेंचर’ रचला. पुढे जॅनेट मरे यांनी एमआयटीत संगणकावरील कथालेखन शिकवले. त्या अनुभवातून आलेले त्यांचे ‘हॅम्लेट ऑन द होलोडेक’ हे १९९७चे पुस्तक आजही अभ्यासले जाते. भारतात नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनच्या (एनआयडी) बंगळुरू केंद्रात डिजिटल गेम डिझाइनचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. मुंबईत २०२५मध्ये इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीज सुरू झाली आणि त्याच वर्षी राज्याने अॅनिमेशन व गेमिंगसाठी स्वतंत्र धोरण मंजूर केले. धोरणे आणि यंत्रे आली, तरी लिहिणारी माणसे घडवण्याचे काम वेगळेच राहते.

त्यासाठी रायगड जिल्ह्यातल्या कर्जत-खालापूरइतका सोयीचा मुलूख शोधून सापडणार नाही. खालापूर तालुक्यात चावणीजवळ उंबरखिंड आहे. फेब्रुवारी १६६१मध्ये शाइस्तेखानाने पाठवलेला कारतलबखान लोणावळ्याकडून कुरवंडे घाटाने कोकणात उतरू लागला आणि अरुंद खिंडीत शिवाजी महाराजांच्या सैन्याने त्याला कोंडले. सोबत माहूरची सरदार राय बागन होती. तिच्या सल्ल्यावरून खान शरण आला आणि सामानसुमान, धन मागे ठेवून त्याने वाट मोकळी करून घेतली. कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारता’त हा प्रसंग विस्ताराने येतो.

वर्गात हाच प्रसंग गेम म्हणून लिहायला द्यावा. महाराजांच्या बाजूने खेळल्यास सारा डाव खेळणाऱ्याला ठाऊक असतो. वार कधी करायचा एवढाच प्रश्न उरतो. कारतलबखानाच्या बाजूने मात्र काहीच ठाऊक नसते, आणि हार तर इतिहासाने ठरवलेलीच आहे. मग खेळणाऱ्याच्या हाती राहते काय? किती माणसे जिवंत परत न्यायची, पाणी कोणाला आधी द्यायचे, राय बागनचे किती लवकर ऐकायचे. शेवट न बदलताही निर्णयाला वजन देता येते, हा ऐतिहासिक गेमच्या लेखनातला सर्वांत कठीण धडा आहे आणि तो व्याख्यानाने शिकवता येत नाही. राय बागनची भूमिका त्याहून अवघड: तिच्या हाती सल्ला आहे, हुकूम नाही.

यातूनच हिशेबही शिकवता येतो. प्रत्येक वेळी दोन पर्याय दिले, तर १० निर्णयांनंतर १,०२४ वेगवेगळे शेवट लिहावे लागतील. म्हणून फाटे थोड्या अंतराने पुन्हा एका वाटेवर आणतात आणि पूर्वीचा निर्णय फक्त नोंदून ठेवतात. पाणी संपले होते का, ही एक नोंद पुढच्या दहा संवादांचा सूर बदलू शकते. सरावासाठी अशा फाट्यांच्या कथा लिहिण्याची ट्वाइन आणि इंक ही साधने मोफत मिळतात.

जागेकडून कथा सांगवून घेणे हा पुढचा टप्पा. डिस्नेच्या थीम पार्कांसाठी काम केलेल्या डॉन कार्सन यांनी २००० साली एका लेखात ही कला गेम बनवणाऱ्यांपुढे मांडली. खालापुरातच २०१३पासून इमॅजिका हे थीम पार्क आहे. तिथल्या ‘सलीमगढ’च्या अंधाऱ्या वाटेवर भीती कोणत्या वळणावर आणि कशाने वाढते, हे विद्यार्थी टिपून आणू शकतात. नितीन देसाई यांनी २००५मध्ये उभारलेला एन. डी. स्टुडिओ कर्जतचा म्हणून ओळखला जातो, पण तोही खालापूर तालुक्यातच आहे. सिनेमाचा महाल कॅमेऱ्यापुरता असतो. गेममधला खेळाडू मात्र भिंतीमागे डोकावतोच. दोन्ही जागा पाहिल्यावर हा भेद वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

मराठीत लिहिताना व्याकरणाशी गाठ पडते. खेळाडूचे नाव वाक्यात आपोआप बसवायचे, तर राम असल्यास ‘रामाने’, सीता असल्यास ‘सीतेने’ व्हायला हवे. नुसते ‘ने’ चिकटवून भागत नाही. ‘तू आलास’, ‘तू आलीस’ यांत लिंग उघड होते. ‘तू दार उघडलंस’ यात होत नाही. सजग लेखक अशी वाक्ये हेरून ठेवतो. इंग्रजीत लिहून मराठीत आणलेल्या संवादांत नेमके हेच निसटते. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ हा २०२०चा गेम जगभर पोचला. दुर्गा आणि विष्णू त्याचे निवेदक आहेत, त्यामुळे खेळ न थांबवता गोष्ट पुढे सरकते. युक्ती उत्तम आहे, पण निवेदनाची भाषा इंग्रजी होती.

कर्जत तालुक्यात विजयभूमी आणि युनिव्हर्सल एआय ही दोन खासगी विद्यापीठे आहेत. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने दुसऱ्या शाखेतले विषय निवडण्याची मोकळीक दिली आहे. या विद्यापीठांनी आणि मुंबई-पुण्याच्या मराठी विभागांनी मिळून गेमलेखनाचा मराठी अभ्यासक्रम आखावा, आणि त्याचे पहिले सत्रकार्य उंबरखिंडीत करावे.