तबकडीचे मैदान नवख्यांना झेपेल का?

तबकडी फेकायची आणि साखळ्या लावलेल्या लोखंडी टोपलीत कमीत कमी फेकींत पाडायची, एवढाच डिस्क गोल्फचा खेळ. १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातील पॅसाडेनाजवळ ओक ग्रोव्ह पार्कमध्ये एड हेड्रिक यांनी त्याचे पहिले कायमस्वरूपी मैदान आखले. (२००२ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर त्यांच्याच इच्छेनुसार त्यांची राख तबकड्यांत मिसळण्यात आली!) आज अमेरिकेत अशी मैदाने हजारोंनी आहेत, फिनलंडमध्ये शेकडोंनी, बऱ्याच ठिकाणी प्रवेश फुकट. मुलांकडे परदेशी गेलेल्या आई-वडिलांनाही जमेल असा हा चालण्याचा व्यायाम आहे. मात्र मैदान पारखून घ्यावे.

आधी अंतर पाहावे. नवख्याची ताब्यातली फेक साधारण ४५ ते ६० मीटर जाते. टोपली ७० मीटरवर असेल तर तीन फेकींत काम होते. ती १२० मीटरवर असली, की माणूस हाताने हिसका देऊ लागतो. फेकीचा जोर खरे तर पाय, कंबर आणि धडाच्या वळण्यातून यायला हवा. एकट्या हाताने तो काढला की भार कोपरावर आणि खांद्यावर येतो. या खेळातल्या नेहमीच्या तक्रारी कोपर, खांदा आणि पाठीच्याच.

मग डावी बाजू. तबकडी भोवऱ्यासारखी फिरते म्हणून हवेत स्थिर राहते. वेग कमी झाला की हवेचा दाब तिची पुढची कड उचलू पाहतो. पण फिरत्या वस्तूवर असा जोर लावला की ती त्या दिशेने न कलता बाजूला कलते. त्यामुळे उजव्या हाताने, छातीसमोरून फेकलेली तबकडी शेवटी डावीकडे वळते. नवख्याच्या फेकीला वेगच कमी, म्हणून ती लवकर वळते. डावीकडे तळे असेल तर तबकडी गेली. पायवाट किंवा मुलांचे खेळण्याचे अंगण असेल तर मात्र ते मैदान नवख्यांसाठी नाहीच, फलकावर काहीही लिहिलेले असो. दीडशे-पावणेदोनशे ग्रॅमची कडक कड तोंडावर बसणे गमतीचे नाही.

फेकायचा ओटाही पायाने चाचपून पाहावा. शेवाळलेल्या सिमेंटवर पाय घसरतो, खडबडीत जागी बूट अडकतो आणि शरीराची गिरकी गुडघ्यात उतरते. गुडघे कुरकुरत असतील तर धावत न येता उभ्यानेच फेकावे. नऊ टोपल्यांनंतर वाट गाडीतळाकडे परतत असेल तर उत्तम, दमल्यावर सोडता येते.

गवत किती वाढलेय, हेही बघावे. दक्षिण फिनलंड आणि अमेरिकेच्या ईशान्य भागात गवतातल्या गोचिडींमुळे लाइम रोग होतो. लांब पँट मोज्यांत खोचावी आणि घरी आल्यावर गुडघ्यामागची व जांघेतली त्वचा नीट तपासावी.