‘मूल आपटले’ : अर्भकमृत्यूच्या कथनातील कर्ता

‘मूल आपटले.’ हे दोन पदांचे वाक्य बोलणाऱ्यास किंवा ऐकणाऱ्यास सहसा अडखळवीत नाही. तथापि व्याकरणदृष्ट्या ही दोन वाक्ये आहेत. एकात मूल कर्ता आहे, क्रियापद अकर्मक आहे आणि प्रयोग कर्तरी आहे : मूल पाळण्यातून निसटले व फरशीवर आपटले. दुसऱ्यात मूल कर्म आहे, क्रियापद सकर्मक आहे आणि प्रयोग कर्मणी आहे : कोणीतरी मूल आपटले, आणि त्या ‘कोणीतरी’चा उच्चार झालेला नाही. दोन्ही वाक्यांचे बाह्य रूप अक्षरशः एकच आहे. घरातील माणसाच्या हातून अर्भकाचा मृत्यू घडतो तेव्हा तो मृत्यू भाषेत कसा नोंदला जातो, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. या एका वाक्यापासून आरंभ करण्याचे कारण पुढे स्पष्ट होईल.

प्रथम शब्दाचा विचार करू. मराठीत या विषयासाठी रूढ शब्द ‘बालहत्या’ हा आहे. त्यामागे एकोणिसाव्या शतकाचा इतिहास आहे. काठेवाडातील जाडेजा राजपूत कुळांत नवजात मुलींना मारण्याची चाल होती. ती बंद व्हावी म्हणून बडोद्याचा रेसिडेंट कर्नल अलेक्झांडर वॉकर याने १८०७-०८ मध्ये त्या कुळांकडून करार लिहून घेतले. १८७० साली या प्रथेविरुद्ध स्वतंत्र कायदा झाला. इकडे पुण्यात १८६३ साली जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. तेथे प्रश्न निराळा होता : विधवेचे मूल, लोकलज्जा आणि केशवपनाच्या धाकात जगणारी आई. १८७५ मध्ये पंढरपुरास तशाच हेतूने बालकाश्रम स्थापन झाला. १८८१ साली सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या विधवेस नवजात अर्भकाच्या हत्येबद्दल मृत्युदंड सुनावण्यात आला व पुढे तो सौम्य करण्यात आला. त्या प्रकरणाने उठलेल्या गदारोळातूनच ताराबाई शिंदे यांचा ‘स्त्रीपुरुषतुलना’ हा निबंध १८८२ मध्ये जन्मास आला. अशा रीतीने ‘बालहत्या’ या शब्दाच्या अर्थक्षेत्रात दोनच चित्रे स्थिरावली : नकोशी मुलगी आणि अडलेली विधवा. दोन्हींत हेतू पूर्वनियोजित असून मूल नुकतेच जन्मलेले आहे.

तिसरे चित्र या शब्दात सामावत नाही. हवेहवेसे, बारसे झालेले, तीनचार महिन्यांचे मूल असते. रडणे थांबत नाही. सांभाळणाऱ्याचा तोल जातो; तो मुलास उचलतो, गदगदा हलवितो किंवा अंथरुणावर फेकतो. पुढे मूल निपचित पडते. या घटनेस मराठीत नाव नाही. ‘मारहाण’ म्हणावे तर तो शब्द मोठ्या माणसांचा. ‘छळ’ म्हणावे तर त्यात सातत्य अभिप्रेत आहे आणि येथे सारा प्रकार काही क्षणांचा असू शकतो.

वैद्यकासही नाव सापडण्यास वेळ लागला. पॅरिसच्या आंब्रुआझ तार्द्यू याने १८६० मध्ये बालकांवरील अत्याचाराची ३२ प्रकरणे वर्णिली. त्यांपैकी १८ बालके दगावली होती. त्याकडे कोणी फारसे लक्ष दिले नाही. १९४६ साली अमेरिकेतील क्ष-किरणतज्ज्ञ जॉन कॅफी याने सहा अर्भकांची नोंद प्रसिद्ध केली. त्यांच्या कवटीखाली रक्त साकळले होते, लांब हाडे अनेक ठिकाणी मोडली होती आणि ती का मोडली याचा खुलासा पालकांच्या सांगण्यात मिळत नव्हता. १९६२ मध्ये डेन्व्हरच्या हेन्री केंप व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘बॅटर्ड चाइल्ड सिंड्रोम’ ही संज्ञा रूढ केली. भाषाभ्यासकास त्यांच्या निबंधातील एक मुद्दा विशेष महत्त्वाचा वाटेल. शरीरावर आढळणारी इजा आणि पालकांनी सांगितलेली हकीकत यांतील विसंगती हेच त्यांनी निदानाचे एक प्रमुख लक्षण मानले. म्हणजे निदानाचा अर्धा भाग कथनाच्या परीक्षणावर उभा आहे. असे प्रकार केवळ दरिद्री किंवा विकृत माणसांत घडत नाहीत, सुशिक्षित व स्थिर कुटुंबांतही घडतात, हेही त्यांनी तेथेच बजावले होते.

नावाचा वाद तेथे संपला नाही. १९७१ मध्ये इंग्लंडच्या गथकेल्च याने नुसत्या हलविण्यानेही मेंदूभोवती रक्तस्राव होऊ शकेल असे मत मांडले, आणि पुढे ‘शेकन बेबी सिंड्रोम’ हे नाव प्रचारात आले. २००९ साली अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने हे नाव मागे सारून ‘अब्यूझिव्ह हेड ट्रॉमा’ असे म्हणण्याची शिफारस केली. कारण जुन्या नावात इजा कशी झाली याचा निष्कर्ष आधीच गृहीत धरला जात होता. नव्या नावाने ‘कसे’ हे मोकळे ठेवले खरे, पण ‘अब्यूझिव्ह’ या विशेषणाने ‘कोणीतरी केले’ हे गृहीत धरले ते धरलेच. २०१६ मध्ये स्वीडनच्या आरोग्यतंत्र-मूल्यमापन संस्थेने ठरावीक तीन लक्षणांवरून हलविल्याचे निदान करण्यास पुरावा अपुरा असल्याचे म्हटले, आणि त्यावर बालरोगतज्ज्ञांत तीव्र मतभेद झाले.

आता मूळ वाक्याकडे वळू. मराठीत बहुतेक क्रियापदांच्या अकर्मक-सकर्मक जोड्या रूपानेच वेगळ्या असतात : पडणे-पाडणे, मरणे-मारणे, हलणे-हलविणे, बुडणे-बुडविणे. ‘मूल पडले’ आणि ‘मूल पाडले’ यांत घोटाळा होत नाही. परंतु ज्यांना आपले व्याकरणकार उभयविध धातू म्हणतात, त्यांचे एकच रूप दोन्हीकडे चालते. शालेय व्याकरणात ‘दार उघडले’ हे उदाहरण सर्वांनी घोकलेले असते. त्याच वर्गात आपटणे, मोडणे, भाजणे व चिरडणे हे धातू येतात. अर्भकांच्या इजांत नेमके काय आढळते? डोक्याचा आघात, हाडांचे भंग, भाजल्याच्या खुणा. ज्या तीन गोष्टींविषयी कर्ता कोण हे विचारणे सर्वांत निकडीचे, त्या तिन्हींसाठी आपण वापरतो ते धातू कर्ता गाळण्याची मोकळीक देतात. यात भाषेचा काही डाव आहे असे आम्ही सुचवीत नाही. हा निव्वळ योगायोग आहे. पण तो महागात पडणारा योगायोग आहे.

‘मुलाला आपटले’ असे म्हणताच भावे प्रयोग होतो आणि आपटणारा कोणी आहे हे निश्चित होते. एका ‘ला’ प्रत्ययाने निकाल लागतो. ‘भाजणे’ या धातूत मात्र हाही उपाय चालत नाही. ‘मला भाजले’ असे आपण स्वतःच्या अपघाताविषयी म्हणतो, त्यामुळे ‘मुलाला भाजले’ हे वाक्य पुन्हा दोन्हीकडे झुकते. ‘मुलाचा हात मोडला’ याचीही तीच गत. उलट मेळघाटात पोटफुगीवर उपाय म्हणून अर्भकाच्या पोटावर तापलेल्या विळ्याने ‘डाग दिला’ जातो. त्या प्रथेस तेथे डंबा म्हणतात. तेथे कर्ता लपविला जात नाही, कारण कुटुंबाच्या दृष्टीने ते औषधच आहे. औषध द्यावे तसा डाग ‘दिला’ जातो.

भिवंडीसारख्या गावात या प्रश्नास आणखी एक पदर आहे. यंत्रमागांच्या या गावी मराठी, आगरी, उर्दू, तेलुगू, हिंदी आणि भोजपुरी एकाच गल्लीत नांदतात. बारा तासांची पाळी करून आलेला माणूस दिवसा एका खोलीत झोपू पाहतो आणि त्याच खोलीत तान्हे मूल रडत असते. (ब्रेझल्टन याच्या १९६२ च्या निरीक्षणानुसार निरोगी अर्भकाचे रडणेही सहाव्या आठवड्याच्या सुमारास दिवसाला पावणेतीन तासांपर्यंत पोहोचते व नंतर ओसरते, हे ठाऊक नसलेल्यास ते हट्ट वा आजार वाटते.) अनर्थ घडलाच तर जबाब घरच्या भाषेत दिला जातो व कागदावर मराठीत उतरतो. हिंदीत ‘पटका’ हे सकर्मकच आहे. तेथे संदिग्धतेला जागा नाही. तेलुगूत ‘पडिपोयिंदि’ म्हणजे पडले आणि ‘पडेसिंदि’ म्हणजे टाकले. रूपे स्वच्छ वेगळी आहेत. या दोन्हींचे भाषांतर लिहिणाऱ्याने घाईत ‘मूल आपटले’ असे केले, तर मूळ वाक्यातील कर्ता भाषांतरात नाहीसा होतो, आणि ज्याने खरोखर ‘पडले’ असे सांगितले त्याच्या जबाबात नसलेल्या कर्त्याचा संशय शिरतो. दोन्ही बाजूंनी अन्याय संभवतो. आमच्या वर्गातील भिवंडीच्या एका विद्यार्थिनीस आम्ही हे वाक्य दिले, तेव्हा तिने पहिला प्रश्न विचारला, “सर, कोणी?” तिच्या घरी तेलुगू बोलतात.

प्रारंभी असा मृत्यू पोलिसांच्या दप्तरी बहुधा ‘अकस्मात मृत्यू’ म्हणून नोंदला जातो. या मथळ्यातही कर्ता नाही, आणि चौकशीपूर्वी तो नसणे योग्यच आहे. पुढे कलम लावताना अडचण येते. इंग्लंडमध्ये १९२२ व १९३८ च्या कायद्यांनी मातेकडून होणाऱ्या अर्भकहत्येस खुनाहून वेगळा, सौम्य गुन्हा मानले. आपल्याकडे तसा वेगळा गुन्हा नाही. भारतीय दंड संहितेच्या कलम ३१५ मध्ये मूल जिवंत जन्मू नये किंवा जन्मल्यावर मरावे या हेतूने केलेले कृत्य येई. १ जुलै २०२४ पासून तेच भारतीय न्याय संहितेच्या कलम ९१ मध्ये आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग ‘अर्भकहत्या’ या सदरात कलम ३१५ चे गुन्हे मोजत आला. चार महिन्यांचे मूल आपटून मेले, तर ते खून, सदोष मनुष्यवध अथवा निष्काळजीपणा यांपैकी कोणत्यातरी कलमाखाली जाते. त्यामुळे ‘अर्भकहत्या’ या सदराचा आकडा वाचणाऱ्याने त्यात आपल्या तिसऱ्या चित्राचा शोध घेऊ नये.

भाषाशास्त्राने येथे न्यायाधीशाची भूमिका घेऊ नये हे उघड आहे. जन्मतः ठिसूळ हाडे असलेल्या मुलाचा हात खरोखरच आपोआप मोडतो, ‘के’ जीवनसत्त्वाच्या अभावी मेंदूत आपोआप रक्तस्राव होतो, आणि तेव्हा अकर्मक वाक्य हेच सत्य वाक्य असते. जबाब लिहून घेणाऱ्यास मात्र एक साधी कसोटी सांगता येईल. संदिग्धता मुख्यतः भूतकाळी रूपात आहे. वर्तमानकाळात ‘मूल आपटते’ आणि ‘तो मूल आपटतो’ ही वाक्ये वेगळी पडतात. म्हणून बोलणाऱ्याकडून घटना क्रमाक्रमाने, चालू काळात वदवून घ्यावी : तुम्ही आत येता, मूल कोठे असते, मग काय होते? उत्तर बोलणाऱ्याच्या मूळ भाषेतील क्रियापदासह, देवनागरीत जसेच्या तसे लिहावे आणि मराठी भाषांतर त्याखाली द्यावे. त्यास कागदाची एक ओळ अधिक लागेल.