एपिसोडचं लेखी रूप : विशेषण ही वेगळी जात आहे का?

आज पारगावातून बोलतोय. विषय व्याकरणाचा आहे, पण पळू नका. स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्यांनी तर अजिबात पळू नका.

एक प्रश्न नेहमी येतो. ‘शहाण्याला शब्दांचा मार’ यात ‘शहाण्याला’ काय आहे? बरेचजण डोळे झाकून ‘विशेषण’ लिहितात. उत्तर आहे : विशेषणाचा नामासारखा उपयोग. हे आपण पाठ करतो, पण असं का होतं, ते बघू.

शाळेत आपण शब्दांच्या आठ जाती शिकलो, त्यात विशेषण वेगळं. जुन्या लोकांनी मात्र ते वेगळं काढलंच नव्हतं. यास्कानं शब्दांचे चार गट केले : नाम, आख्यात म्हणजे क्रियापद, उपसर्ग आणि निपात. पाणिनीनं पदं दोनच प्रकारची मानली. नामाचे प्रत्यय घेणारी आणि क्रियापदाचे प्रत्यय घेणारी. विशेषण गेलं नामाच्या घरात. ग्रीक आणि लॅटिन व्याकरणकारांनीही तेच केलं. युरोपात विशेषणाला स्वतंत्र खोली मिळायला पुढे शेकडो वर्षं गेली.

याचं कारण साधं आहे. त्या भाषांत विशेषण नामासारखंच चालायचं. संस्कृतात ‘ज्येष्ठाय पुत्राय’ म्हणजे थोरल्या मुलाला. दोन्ही शब्दांना चतुर्थीचा प्रत्यय. लॅटिनमध्ये ‘बोनो अमिको’, म्हणजे चांगल्या मित्राला. तिथेही प्रत्यय दोघांना. रूपावरून नाम कुठलं आणि विशेषण कुठलं, ओळखणार कसं?

याचा पुरावा आपल्या जुन्नर तालुक्यातच आहे. नाणेघाटाच्या लेण्यात सातवाहन राजघराण्यातल्या माणसांचे पुतळे होते. आज पावलांच्या खुणा उरल्यात, पण वर कोरलेली नावं आहेत. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची, ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत. त्यात एका ठिकाणी ‘सातवाहनो सिरिमातो’ असं आहे. सिरिमातो म्हणजे श्रीमान. नामाला ‘ओ’, विशेषणालाही ‘ओ’. शेजारीच ‘सिरि सातकनिनो’ आहे, म्हणजे श्री सातकर्णीचा. इथे ‘सिरि’ला प्रत्यय नाही, तो एकदाच, शेवटी लागलाय. गंमत म्हणजे ‘श्री’ हे मुळात नाम : शोभा, वैभव. इथे ते विशेषणाचं काम करतंय! भिंत किती पातळ आहे बघा.

आता आपली मराठी. ‘थोरल्या मुलाला’ यात ‘ला’ एकदाच लागतो, नामाला. विशेषणाच्या वाट्याला फक्त सामान्यरूप : थोरला, थोरल्या. काहींना तेही नाही. आळेफाट्याच्या मार्केटात ‘पांढऱ्या कांद्याला’ आणि ‘लाल कांद्याला’ भाव विचारून बघा. ‘पांढरा’ बदलला, ‘लाल’ जागचा हलला नाही. म्हणजे जुने प्रत्यय झिजत गेले, तसं आपलं विशेषण नामापासून वेगळं दिसायला लागलं.

पण नातं तुटलेलं नाही. घरात आई म्हणते, “थोरलीला हाक मार.” ‘थोरल्या मुलीला’ म्हणताना जे ‘थोरल्या’ होतं, ते मुलगी वाक्यातून गेल्याबरोबर ‘थोरली’ राहून स्वतः ‘ला’ घेतं. अगदी ‘मुलीला’सारखं. ‘शहाण्याला’चंही तेच. पुढचं नाम गेलं, की विशेषण त्याच्या जागी बसतं आणि त्याचे प्रत्ययही घेतं.

म्हणून परीक्षेत शब्द बघून जात ठरवू नका. दोन गोष्टी बघा : पुढे नाम आहे का, आणि प्रत्यय कुणाला लागलाय. ‘गरीब माणसाला’ यात ‘गरीब’ विशेषण. ‘गरिबाला’ यात ते नामाच्या खुर्चीत.

आता तुमची पाळी. आज दिवसभरात घरात, एसटीत, ग्रुपवर कानावर आलेली अशी तीन वाक्यं कमेंटमध्ये टाका. पुढच्या भागात त्यांचीच चिरफाड करू. भेटूच!